चुंबक, दातेरी चाके आणि 'कॅसिओ' : अलिबागच्या किनाऱ्यावरून विद्युत ऑर्गनचा इतिहास

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्या १९०७ साली. पण त्यांची चाहूल लागताच शहरातल्या एका संस्थेने त्याआधीच आपला मुक्काम हलवला होता. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. रुळांमधून आणि तारांमधून वाहणारा विद्युतप्रवाह आपल्याभोवती स्वतःचे चुंबकक्षेत्र निर्माण करतो. त्याच्या सान्निध्यात टांगलेली नाजूक चुंबकसुई पृथ्वीऐवजी ट्रामचेच वर्तमान सांगू लागली असती. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी म्हणून समुद्रापलीकडे जागा शोधली आणि १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. चुंबकत्वरहित दगड पारखून घेतला गेला, लोखंड टाळून तांब्यापितळेचे साहित्य वापरले गेले. दोन्ही ठिकाणच्या नोंदी जुळाव्यात म्हणून १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी वाचन चालू राहिले. ही वेधशाळा आजही काम करते आहे.

विद्युत ऑर्गनच्या इतिहासात या वेधशाळेचे काय काम, असा प्रश्न पडेल. उत्तर एका भौतिक नियमात आहे. वीज आणि चुंबक यांचा जो परस्परसंबंध मूस यांना उपद्रव वाटला, त्याच संबंधातून तीस वर्षांनी शिकागोतल्या एका घड्याळवाल्याने सूर काढले.

लॉरेन्स हॅमंड हा मुळात संगीतकार नव्हता. विजेच्या पुरवठ्यातील आवर्तनांशी पावले जुळवून फिरणारी मोटर वापरून तो घड्याळे बनवीत असे. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तने घेते. तिच्याशी बांधलेली मोटर नेमक्या गतीने फिरते आणि काटा चुकत नाही. १९३४ मध्ये त्याने पेटंट घेतले आणि १९३५ मध्ये ऑर्गन बाजारात आणला, तो याच मोटरच्या जोरावर.

रचना ऐकायला अवघड वाटते, पण समजायला सोपी आहे. वाद्याच्या पोटात एका ओळीत धातूची चाके बसवलेली असतात. पुढे गाजलेल्या नमुन्यांत त्यांची संख्या ९१ होती. प्रत्येक चाकाच्या कडेला ठरावीक संख्येचे उंचवटे असतात आणि त्या कडेसमोर तारेचे वेटोळे गुंडाळलेली एक चुंबकसळई असते. उंचवटा जवळ आला की चुंबकक्षेत्र बदलते, दूर गेला की पुन्हा बदलते आणि वेटोळ्यात विजेची बारीक लाट उमटते. १६ उंचवट्यांचे चाक सेकंदाला साडेसत्तावीस फेरे घेत असेल तर सेकंदाला ४४० लाटा मिळतात. पेटीवाल्यांच्या भाषेत ती पांढरी सहा. हवा नाही, भाता नाही, कंप पावणारी पट्टीही नाही. अलिबागच्या उपकरणांना ज्या गोष्टीपासून पळावे लागले, तीच येथे मुद्दाम, मोजूनमापून घडवली जात होती.

केवळ एका चाकाचा सूर मात्र सपक लागतो, शिट्टीसारखा. वाद्याचा रंग येतो तो मूळ सुरावर स्वार होणाऱ्या वरच्या उपस्वरांमुळे. यासाठी हॅमंडने नऊ सरकत्या दांड्या दिल्या. एक दांडी ओढली की मूळ सूर, दुसरी ओढली की वरच्या सप्तकातला, तिसरीने त्याच्या पंचमाचा. प्रत्येक दांडी किती ओढायची याचे आठ टप्पे. वादक जणू मसाल्याच्या डब्यातून चिमूटचिमूट घेऊन आपला रंग शिजवतो. ही कल्पनाही सर्वस्वी नवी नव्हती. थॅडियस केहिल याने १८९७ मध्ये पेटंट घेतलेल्या टेल्हार्मोनियममध्ये हेच तत्त्व होते. पण त्या यंत्राचे वजन सुमारे २०० टन भरले आणि त्याचे संगीत टेलिफोनच्या तारांवरून ऐकवावे लागले, कारण ध्वनिवर्धक अजून यायचा होता. हॅमंडच्या वेळेपर्यंत तो आला होता.

आता या कथेतला महत्त्वाचा भाग. आज ज्याला 'अस्सल जुना आवाज' म्हणून डोक्यावर घेतले जाते, तो हॅमंड ऑर्गन जन्मतः नक्कल होता. चर्चमधले नळ्यांचे भव्य ऑर्गन महाग असत, त्यांना इमारतीएवढी जागा लागे. त्यांना स्वस्त पर्याय म्हणून हे वाद्य विकले गेले. जाहिरातींतील दाव्यांविरुद्ध तक्रार झाली आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे प्रकरण गेले. १९३७ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात चाचणी झाली. नळ्यांचा ऑर्गन आणि हॅमंड, दोन्हींवर उतारे वाजवले गेले आणि श्रोत्यांनी कोणता कोणता ते ओळखायचे होते. जाणकार कानही सुमारे एकतृतीयांश वेळा फसले. कमिशनने तरीही कंपनीच्या काही दाव्यांना मनाई केली. कंपनीने मात्र त्या फसलेल्या कानांचा पुढे पुरेपूर उपयोग करून घेतला, हे सांगायला नकोच.

ही सारी उलथापालथ चालू असताना महाराष्ट्राच्या कानात 'ऑर्गन' या शब्दाला वेगळाच अर्थ चिकटलेला होता. अलेक्झांडर दबँ याने १८४२ मध्ये पॅरिसला हार्मोनियमचे पेटंट घेतले. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास त्याला मांडी घालून वाजवण्याजोगे हातभात्याचे रूप दिले. पण मराठी संगीत रंगभूमीने पायाने भाता चालवायचे मोठे परदेशी ऑर्गनही आपलेसे केले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने जी परंपरा सुरू केली, तिच्यात पुढे सारंगीच्या जोडीला आणि मग अनेकदा तिच्या जागी ऑर्गन येऊन बसला. ध्वनिक्षेपक नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत पदाचा आधारसूर पोहोचवायचा, नटाने श्वास घेतला तरी सुराची धार तुटू द्यायची नाही, हे काम तो चोख करी. नाट्यपदांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या की आवाजाखाली पसरलेला तो सूर आजही ओळखता येतो. पुढच्या काळात गोविंदराव पटवर्धनांसारख्या कोकणातून आलेल्या वादकाने या साथीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली.

मग विद्युत ऑर्गन मराठी रंगमंचावर का रुळला नाही? पैसा हे एक कारण आहेच. दुसरे वजन : हॅमंडचा सर्वांत गाजलेला बी-थ्री हा नमुना पायपट्ट्या व बाक धरून जवळपास १९० किलो भरतो. आज या गावी तर उद्या त्या गावी मुक्काम करणाऱ्या नाटक मंडळीने, बैलगाडी, होडी आणि खटारा बदलत, तो कोकणात कसा न्यावा? रायगड किनाऱ्याचा तर मुंबईशी संबंधच मुख्यतः समुद्रमार्गे होता. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणे हा त्या काळचा सरळ रस्ता, आणि पावसाळ्यात तो किती जिवावर बेतू शकतो हे १७ जुलै १९४७ रोजी बुडालेल्या 'रामदास' बोटीने दाखवून दिले.

तिसरे कारण अधिक मनोरंजक आहे आणि ते विजेचेच आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवणारे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये खोपोलीला सुरू झाले, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातच. याच जिल्ह्याचे नाव पुढे १९८१ मध्ये रायगड झाले. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची रूढ झाली. ६० आवर्तनांसाठी घडवलेला ऑर्गन तसाच येथे जोडला तर मोटर सहाऐवजी पाच पावले टाकणार आणि सारे वाद्य सव्वातीन पट्ट्यांच्या आसपास खाली उतरणार. काळी चारचा सूर दाबावा आणि पांढरी चारच्याही किंचित खाली ऐकू यावा, अशी अवस्था! ५० आवर्तनांच्या देशांसाठी म्हणून वेगळी जुळणी करावी लागे. ती केली तरी प्रश्न पुरता सुटत नव्हता. विजेवरचा ताण वाढला की पुरवठ्याची आवर्तने घसरतात. भारतात कित्येक दशके ती ५० वर स्थिर राहत नसत. ५० ची साडेअठ्ठेचाळीस झाली तर सूर अर्ध्या पट्टीने उतरतो. तंबोरा लागलेला, गायक रंगात आलेला आणि ऑर्गन मात्र गिरण्यांच्या पाळीनुसार खालीवर होणारा. अशी साथ कोणता गवई सहन करील?

मुंबईच्या चित्रपटसंगीताने विजेचे सूर जवळ केले ते दुसऱ्या दाराने. फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन याने १९४७ मध्ये क्लॅव्हिओलिन हे छोटे वाद्य तयार केले. त्यात चाके नव्हती. निर्वात नळ्यांच्या मंडलातून सूर निघत. एका वेळी एकच स्वर वाजे, पण पेटीत घालून नेता येई. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटात गारुड्याच्या पुंगीचा जो आवाज देशभर घुमला, तो कल्याणजी वीरजी शाह यांनी क्लॅव्हिओलिनवर काढला होता आणि त्याला जोड होती रवी यांच्या हार्मोनियमची. संगीतकार होते हेमंतकुमार. पॅरिसजवळ जन्मलेल्या यंत्राने भारतीय पुंगीची नक्कल केली आणि लोकांनी ती इतकी खरी मानली की पुढे खरे गारुडीही तीच धून वाजवू लागले. याच हेमंतकुमारांच्या आवाजात, लता मंगेशकरांच्या साथीने, 'मी डोलकर' हे शान्ता शेळके यांचे कोळीगीत हृदयनाथ मंगेशकरांनी ध्वनिमुद्रित केले, हा योगायोग किनाऱ्यावरच्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगा.

स्टुडिओंत पुढे अनेक जातींचे विद्युत ऑर्गन आणि सिंथेसायझर आले. केर्सी लॉर्ड यांच्यासारख्या पारशी वादकाने आणि चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून आलेल्या गोमंतकीय वादकांनी त्यांना हिंदी चित्रपटाची भाषा शिकवली. हे सारे घडत होते मुंबईत. खाडीपलीकडच्या गावांत मात्र हे आवाज रेडिओतून आणि तंबूतल्या पडद्यावरूनच पोहोचत.

गावात जे वाद्य आले ते बेंजो. जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो याने १९१२ मध्ये ताइशोगोतो नावाचे वाद्य बनवले : तारा छेडायच्या आणि टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून स्वर बदलायचे. भारतात ते बुलबुलतरंग झाले आणि कोकणात व मुंबईच्या कोळीवाड्यांत बेंजो. मिरवणुकीत ढोलताशांपुढे त्याचा किनरा आवाज टिकेना, तेव्हा तारांखाली चुंबक आणि तारेचे वेटोळे बसवून त्याला ध्वनिक्षेपकाशी जोडले गेले. हळदीच्या रात्री किंवा गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो आणि हॅमंडचा ऑर्गन यांचे नाते ते हेच. लोखंड हलते, चुंबकक्षेत्र बदलते, वेटोळ्यात वीज उमटते. एकात चाक आहे, दुसऱ्यात तार.

त्यानंतर आला 'कॅसिओ'. जपानच्या या गणकयंत्र कंपनीने १९८० मध्ये कॅसिओटोन हा पहिला कीबोर्ड काढला, आणि बघता बघता महाराष्ट्रात कंपनीचे नाव हेच वाद्याचे नाव झाले. कोणत्याही बनावटीचा कीबोर्ड असो, ऑर्केस्ट्रात तो 'कॅसिओ'च. बॅटरीवर चालणारा, खांद्यावर मारून एसटीत नेता येणारा. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याचा सूर विजेच्या पुरवठ्यावर अवलंबून नाही. आत क्वार्ट्झचा स्फटिक स्वतःच्या गतीने कंप पावतो आणि त्यावरून साऱ्या स्वरांचे माप ठरते. वीज मंद झाली तर वाद्य बंद पडेल, पण बेसूर होणार नाही. हॅमंडला जी सोय अमेरिकेच्या विजेने दिली होती, ती या स्फटिकाने आक्षी-नागावच्या मंडपालाही दिली.

या कीबोर्डांत पियानो, बासरी, सतार अशा आवाजांबरोबर 'ऑर्गन' नावाचा एक कप्पा हमखास असतो. पियानोचा सूर दाबताक्षणी विरू लागतो. ऑर्गनचा बोट उचलेपर्यंत तसाच राहतो. भजनाला, अभंगाला, नाट्यपदाला असा धरून ठेवणारा सूर हवा असतो. म्हणून पेटी हाताशी नसली की वादकाचे बोट त्या कप्प्याकडे आपसूक वळते. गंमत अशी की तेथे मिळणारा आवाज बहुधा पायपेटीचा नसतो, तो हॅमंडच्या वंशातला असतो.

चाकांचे खरे हॅमंड १९७५ च्या सुमारास बनायचे थांबले. पुढे हे नाव जपानच्या सुझुकी म्युझिकल इन्स्ट्रुमेंटकडे गेले (मोटारवाल्या सुझुकीशी तिचा संबंध नाही). जुन्या आवाजाची ओढ मात्र वाढत गेली आणि हलक्या डिजिटल वाद्यांत तो पुन्हा घडवण्याची स्पर्धा सुरू झाली. रोलँडचा व्हीके-७ १९९७ मध्ये आला, स्वीडनच्या क्लाव्हिया कंपनीचा लाल रंगाचा नॉर्ड इलेक्ट्रो २००१ मध्ये.

हे पुनर्निर्माण दोन रीतींनी होते. पहिली म्हणजे खऱ्या वाद्याचा एकेक स्वर ध्वनिमुद्रित करून साठवणे. ती ऑर्गनला पुरत नाही, कारण नऊ दांड्यांच्या कोटींत मोजाव्या लागतील इतक्या मांडण्या होतात आणि वादक वाजवता वाजवता दांड्या हलवत असतो. दुसरी रीत म्हणजे सगळ्या चाकांचे गणिती प्रतिरूप चालू ठेवणे : प्रत्येक चाक सतत 'फिरते' आहे आणि कळ दाबली की त्यातल्या हव्या त्या लाटा बाहेर येतात. चांगल्या वाद्यांत ही दुसरी रीत असते.

आणि येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. गणिताने सगळ्यांत आधी जे मिळाले ते निर्दोष सूर, आणि ते कोणालाच आवडले नाहीत. खऱ्या हॅमंडमध्ये कळ दाबली की नऊ संपर्कबिंदू क्षणभर मागेपुढे जुळत आणि 'टक्' असा आवाज येई. अभियंत्यांच्या लेखी तो दोष होता. तो कमी करण्याची त्यांनी खटपट केली. जिमी स्मिथसारख्या जॅझ वादकांनी त्याच दोषातून तालाची धार काढली. शेजारच्या चाकाचा सूर पुसटसा झिरपत असे, तोही दोषच. डिजिटल वाद्यांना अखेर हे दोष हिशेबाने परत घालावे लागले. आज 'टक्' किती हवा आणि झिरप किती हवी हे ठरवण्याची सोय असते. डॉन लेस्लीच्या फिरत्या भोंग्याचेही तसेच. हॅमंडच्या स्वतःच्या ध्वनिवर्धकाचा आवाज निर्जीव वाटला म्हणून लेस्लीने १९४० च्या आसपास भोंगाच गोल फिरवायला सुरुवात केली. दूर जाणाऱ्या गाडीची शिट्टी उतरत जाते, त्याच कारणाने सूर झुलू लागला. हॅमंडला हे मुळीच रुचले नाही. पण कानांनी निकाल लेस्लीच्या बाजूने दिला, आणि आजचे संगणकीय प्रतिरूप त्याच्या वरच्या हलक्या भोंग्याला झटकन आणि खालच्या जड पिंपाला सावकाश वेग घ्यायला लावते.

भारतीय संगीताचा आक्षेप याहून खोल होता. पेटी काय, ऑर्गन काय, सप्तकाचे बारा समान तुकडे करून बसलेली वाद्ये. शुद्ध गंधार त्यांत जरा चढा लागतो, आणि मींड तर निघतच नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडले आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साहाय्याने १९११ च्या सुमारास लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुतिहार्मोनियम तयार झाली. ती लोकांत रुजली नाही. ऑल इंडिया रेडिओने तर १९४० मध्ये हार्मोनियमला दारच बंद केले, ते सत्तरीच्या दशकाच्या आरंभी कुठे किलकिले झाले. जी पेटी रेडिओला अस्पृश्य होती, तीच त्या तीस वर्षांत किनाऱ्यावरच्या प्रत्येक भजनी मंडळाचा प्राण होती, हे रेडिओच्या इतिहासात क्वचितच सांगितले जाते. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध करून देवलांच्या प्रश्नाला नव्याने हात घातला.

अनेक डिजिटल कीबोर्डांत आता प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे चढवता-उतरवता येतो. एका पट्टीचे शंभर भाग मानले तर गंधार सुमारे चौदा भागांनी उतरवला की तो तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधाराशी मिळतो. देवलांना ज्यासाठी लंडनला वाद्य घडवावे लागले, ते येथे चार बटणांत होते. षड्ज बदलला की मांडणी पुन्हा करावी लागते, आणि मींडेसाठी डाव्या हाताला एक चाक दिलेले असते; त्याने सगळे सूर एकदम सरकतात, त्यामुळे गायकाची मींड धरायला ते अपुरेच पडते.

उलट बाजूही मोजली पाहिजे. किनाऱ्याची खारी हवा कोणालाच सोडत नाही. पायपेटीचे पितळी रीड काळवंडतात, पावसाळ्यात लाकूड फुगून कळा अडकतात. पण जाणता कारागीर रीड काढतो, टोकाकडे किंचित खरवडून सूर चढवतो, मुळाकडे खरवडून उतरवतो, आणि शंभर वर्षांचे वाद्य पुन्हा उभे राहते. डिजिटल कीबोर्डचे मंडल क्षाराने खाल्ले की दुरुस्ती म्हणजे आख्खी पाटी बदलणे, आणि त्या नमुन्याची पाटी काही वर्षांनी मिळेनाशी होते. म्हणून अनेक जुन्या घरांत आणि मंदिरांत पेटी अजून चालू स्थितीत सापडते, आणि तिच्याच शेजारी कापडात गुंडाळलेला बंद 'कॅसिओ'.